वातातले बोल कोणाचे?

ताप डोक्यात चढला म्हणजे माणूस बरळू लागतो, हे आपल्याकडे कोणास नवे नाही. ‘त्यांना वात झाला आहे’ एवढे चार शब्द घरातील एखाद्या वडीलधाऱ्या बाईने उच्चारले, की बिछान्याभोवती जमलेली मंडळी रोग्याच्या बोलण्याकडे कान देण्याचे सोडून त्याच्या कपाळावरील पट्टीकडे लक्ष देऊ लागत. त्या चार शब्दांत एक निदान होते आणि एक निवाडाही होता. निदान असे, की रोग आता विकोपास गेला. निवाडा असा, की यापुढे हा जे बोलेल ते त्याच्या खाती मांडावयाचे नाही. वैद्यांनी निदानाची भाषा पुढे पुष्कळ बदलली. निवाडा मात्र आपण फेरतपासणीस कधी घेतला नाही. तो घ्यावा असे आम्हांला वाटू लागले, ते एका स्नेह्याने विचारलेल्या साध्या प्रश्नामुळे.

हे स्नेही येथे हैदराबादेत आमच्याच वसाहतीत राहतात. त्यांचे वडील गोदाकाठच्या एका खेड्यात जन्मले, विद्यार्थी म्हणून या शहरात आले, आणि नोकरी, संसार, निवृत्ती हे सारे त्यांचे येथेच झाले. २०२१ च्या मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांना एका रुग्णालयात ठेवावे लागले. आप्तांना आत प्रवेश नव्हता. दिवसातून एकदा एक परिचारिका त्यांच्या तोंडासमोर फोन धरी आणि घरची माणसे त्या लहानशा पडद्यावर त्यांना पाहून घेत. चौथ्या दिवशी मुलाचा चेहरा पडद्यावर दिसताच ते म्हणाले, “तू माझा पोरगा नाहीस. घर पाहिजे म्हणून मला इथं आणून टाकलंस.” सहाव्या दिवशी, डोळे अर्धवट मिटलेले असताना, ते सुनेला म्हणाले, “तू होतीस म्हणून हे घर उभं राहिलं.” तीस वर्षांच्या सहवासात असे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघाले नव्हते.

तीन आठवड्यांनी ते घरी परतले. यांपैकी एकही वाक्य त्यांना आठवत नव्हते. मुलाला मात्र पहिले वाक्य विसरता येईना. कारण त्यापूर्वी सहाच महिने राहते घर विकावे की ठेवावे, यावरून पितापुत्रांत खरोखरच बोलाचाली झाली होती. आम्ही नेहमीच्या सवयीने म्हणालो, “अहो, तो वात होता. विसरून जा.” ते किंचित हसले आणि म्हणाले, “मग हिनेही विसरायचं का?”

आम्ही निरुत्तर झालो. कडू बोल रोगाचा आणि गोड बोल माणसाचा, असा जमाखर्च आपण सारेच करीत आलो आहोत. प्रेमापोटी तो क्षम्य आहे; परंतु त्याला न्याय म्हणता येणार नाही.

या प्रश्नी वैद्यकाचे म्हणणे प्रथम ऐकले पाहिजे. कारण नीतीचा विचार वस्तुस्थितीला सोडून चालला, की त्याचे नुसते सुभाषित होते. फुफ्फुसाच्या रोगात बुद्धी भ्रमते हे निरीक्षण फार जुने आहे. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या, रोगाच्या भावी गतीविषयीच्या ग्रंथात तीव्र ज्वर आणि फुफ्फुसदाह यांच्या संदर्भात असा रोगी वर्णिला आहे, की जो हवेत हात फिरवतो, नसलेल्या काड्या वेचतो, पांघरुणाचे धागे उपसतो. आणि ही चिन्हे अशुभ मानली आहेत. आपल्या आयुर्वेदाने सन्निपातज्वराच्या लक्षणांत तंद्रा, मोह आणि प्रलाप यांची गणना केली. १९१८ साली आलेली इन्फ्लुएंझाची साथ महाराष्ट्रात ‘मानमोडी’ या नावाने स्मरणात राहिली. साधारण त्याच सुमारास, १९१७ साली, व्हिएन्ना येथे कॉन्स्टंटिन फॉन एकोनोमो या वैद्याने मेंदूला सूज आणून रोग्याला अखंड निद्रेत लोटणाऱ्या एका विलक्षण व्याधीचे वर्णन केले. दोन्ही साथी एकमेकींच्या मागेपुढे आल्या म्हणून त्यांचा कार्यकारणसंबंध अनेकांनी जोडला. परंतु तो आजतागायत सिद्ध झालेला नाही. श्वासाचा रोग आणि मेंदूचा रोग यांचे नाते सांगताना किती जपून बोलावे लागते, हे त्यावरून ध्यानात येईल.

कोविडच्या बाबतीत मोजदाद अधिक काटेकोर झाली आहे. वूहान येथील तीन रुग्णालयांतील २१४ रुग्णांची पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ७८ जणांत मज्जासंस्थेची लक्षणे होती. शिकागो येथील एका रुग्णालयसमूहातील ५०९ रुग्णांत हे प्रमाण, आजाराचा सारा काळ धरता, शेकडा ८२ पर्यंत गेले. त्यांत अंगदुखी, डोकेदुखी, वास आणि चव जाणे अशी सौम्य लक्षणेही धरली आहेत, हे खरे. तथापि जवळजवळ एकतृतीयांश रुग्णांत मेंदूचे एकंदर कार्यच बिघडलेले होते आणि अशांत मृत्यूचे प्रमाणही अधिक होते. अमेरिकेतील काही रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या ८१७ वृद्ध कोविडरुग्णांपैकी शेकडा २८ जण तेथे येतानाच भ्रमात होते. आणि त्यांतील शेकडा ३७ जणांत ताप किंवा धाप यांसारखे ओळखीचे लक्षण मुळी नव्हतेच. चौदा देशांतील ६९ अतिदक्षता विभागांत असलेल्या २,०८८ रुग्णांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यांत निम्म्याहून अधिक, म्हणजे शेकडा ५५ रुग्णांना वात झालेला आढळला. तेव्हा आमच्या स्नेह्यांच्या वडिलांस जे झाले ते अपवादात्मक नव्हते. तशा खाटेवर पडलेल्या दर दोन माणसांपैकी एकाची ती स्थिती होती.

मग हा विषाणू मेंदूत शिरतो काय? क्वचित शिरत असेल. परंतु मृतांच्या मेंदूंची तपासणी झाली तेव्हा तो तेथे बहुधा सापडला नाही, किंवा अगदी अल्प प्रमाणात सापडला. अधिक बळकट कारणे निराळी आहेत. रक्तातील प्राणवायू उणा पडतो; शरीरभर उसळलेल्या दाहाची झळ मेंदूपर्यंत पोचते; रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर दुखावते आणि त्यांत बारीक गुठळ्या होतात; मूत्रपिंड थकले की टाकाऊ द्रव्ये रक्तात साचतात. त्यांत भर पडते ती शामक औषधांची, मोडलेल्या झोपेची, दिवस आणि रात्र यांचा भेद न जाणणाऱ्या दिव्यांची, आणि नखशिखान्त झाकलेल्या माणसांची, ज्यांचे डोळे तेवढे दिसतात आणि तेही काचेआड. अमुक एका शत्रूने वेशीतून प्रवेश केला असे येथे म्हणता येत नाही; घराच्या साऱ्या कड्या एकाच रात्री ढिल्या होतात.

या अवस्थेचे मुख्य लक्षण पाहू गेले तर बडबड हे नव्हेच. ते आहे अवधानाचा भंग. एका गोष्टीवर मन धरून ठेवण्याची, आताचे आणि तेव्हाचे, येथले आणि तेथले निराळे ठेवण्याची शक्ती लोपते. ती तासातासाला येते आणि जाते. पुष्कळ रोगी तर मुळीच बडबडत नाहीत. भिंतीकडे तोंड करून निमूट पडून राहतात आणि शहाण्या रोग्यांत गणले जातात. जे बोलतात त्यांच्या बोलण्यात एक सूर देशोदेशी पुन्हा पुन्हा ऐकू येतो: मला येथे कोंडले आहे, हे लोक माझ्या जिवावर उठले आहेत, माझ्या माणसांनी मला विकले आहे. ज्याच्या नाकातोंडावर मुखवटा बसवला आहे, ज्याला उठू दिले जात नाही, ज्याला सुया टोचल्या जातात आणि ज्याचे आप्त दिसेनासे झाले आहेत, त्याचे भांबावलेले मन या साऱ्याचा जो अर्थ लावील तो हाच असणार. मग त्या अर्थाला नावे आणि चेहरे हवेत. ते तो आपल्या स्मरणातून उचलतो.

येथे एका लोकसमजुतीचा विचार केला पाहिजे. मद्याच्या धुंदीत आणि तापाच्या ग्लानीत माणूस खरे बोलतो, असे पुष्कळांना वाटते. सभ्यतेचा पहारा उठला की मनाच्या तळघरातील सत्य वर येते, अशी ही कल्पना आहे. आमच्या स्नेह्यांच्या काळजात रुतला होता तो हाच काटा. परंतु या कल्पनेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही, की माणसाचे लपवलेले ते खरे आणि आवरलेले ते खोटे. हे आम्हांला पटत नाही. रागाचा शब्द ओठापर्यंत आला असता तो गिळणारा मनुष्य ढोंगी नसतो. तो गिळणे हीच त्याची करणी असते. आवर हा माणसाच्या अंगावरचा अंगरखा नव्हे, तो त्याच्या घडणीचा भाग आहे. रोगाने तो आवर काढून घेतला म्हणजे आतील माणूस उघडा पडत नाही. अर्धा माणूस शिल्लक राहतो.

नदीला पूर आला म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला एक ढीग साचतो. त्यात आपल्याच दाराची फळी असते, आपल्याच स्वयंपाकघरातले पातेले असते, आपल्याच देवघरातला पाट असतो. वस्तू सगळ्या आपल्या घरच्या. पण त्या ढिगावरून आपले घर कसे मांडलेले होते हे कोणी सांगू म्हणेल तर तो फसेल. वातातल्या बोलांचे असेच आहे. त्यांतील घर खरे होते, मुलगा खरा होता, सहा महिन्यांपूर्वीची बोलाचालीही खरी होती. त्यांची जी गुंफण त्या वाक्यात झाली ती मात्र पुराने केलेली होती. आणि हाच न्याय सुनेला उद्देशून बोललेल्या वाक्याला लावणे प्राप्त आहे.

कायद्याने हा न्याय मोठ्या समतोलाने लावलेला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १२ व्या कलमाखाली दाखला म्हणून जो मनुष्य दिला आहे, तो एरवी शहाणा पण तापाच्या भ्रमात असलेला असा आहे. भ्रम आहे तोवर त्याला करार करता येत नाही. त्याच कलमातील दुसरा दाखला वेड्यांच्या इस्पितळातील रोग्याचा आहे. तो मधूनमधून शुद्धीवर येत असेल तर त्या अवधीत करार करू शकतो. ऋण असो वा दान, वातातले काहीच बांधत नाही. आणि शुद्धीवरचे सारे बांधते, मग ती शुद्ध कितीही थोडा वेळ टिकणारी असो.

तत्त्वज्ञांपैकी जॉन लॉकने या प्रश्नाचे मूळ गाठण्याचा यत्न केला. मानवी आकलनाविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, १६९४ साली, त्याने व्यक्तीच्या एकतेवर एक नवे प्रकरण घातले. कालचा मी आणि आजचा मी एकच कशावरून? त्याचे उत्तर असे, की कालची कृती आज माझी म्हणून माझ्या जाणिवेत येते, यावरून. यास्तव वेड्याच्या कृत्याबद्दल शहाण्याला आणि शहाण्याच्या कृत्याबद्दल वेड्याला शिक्षा न करणारा कायदा त्या दोघांना दोन व्यक्ती मानतो, असे तो दाखवतो. लॉकचे म्हणणे मान्य केले तर आमच्या स्नेह्यांचा प्रश्न चुटकीसरशी सुटावा. ज्यांना ते वाक्य आठवत नाही त्यांचे ते नव्हे. आणि ज्या व्यक्तीचे होते ती वातासवे निघून गेली.

परंतु तो सुटत नाही. लॉकच्या न्यायालयात बोलणारा एकटाच उभा आहे. ऐकणाऱ्याला तेथे जागाच नाही. वडिलांच्या स्मरणातून ते वाक्य गेले, पण मुलाच्या स्मरणात ते बसले आहे. त्याचे त्याने काय करायचे?

शिवाय ‘वात होता’ ही सबब फार सैल हाताने वापरली तर दुसऱ्या बाजूने अनर्थ होतो. १९१९ च्या एप्रिलमध्ये पॅरिस येथे तहाची बोलणी ऐन भरात असताना अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन एकाएकी तीव्र तापाने आणि खोकल्याने पडले. आजारातून उठल्यावर ते काही दिवस विक्षिप्तपणे वागत होते, घरातील चाकरांविषयी नसते संशय घेत होते, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी लिहून ठेवले आहे. त्याच सुमारास फ्रान्सच्या ज्या मागण्यांना त्यांनी कसून विरोध केला होता त्यांपैकी काहींना त्यांनी मान तुकवली. तो इन्फ्लुएंझा होता काय, त्याने त्यांच्या बुद्धीवर परिणाम केला काय, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. तहावर सही झाली ती २८ जून रोजी, म्हणजे त्या आजारानंतर जवळजवळ तीन महिन्यांनी. आणि त्यानंतरही विल्सन त्या तहाचे समर्थन करीत राहिले. एप्रिलमध्ये मान तुकवली ती तापाने, असे घटकाभर मानले तरी जूनमधील सही तापाची नव्हती. भ्रमात झालेली गोष्ट शुद्धीवर आल्यावर ज्याने पुन्हा उचलून धरली, त्याची ती झाली. यावरून आम्हांला एक मोजमाप हाती लागल्यासारखे वाटते: वातातला बोल कोणाचा, हे त्या क्षणाकडे पाहून ठरत नाही, पुढे शुद्धीवर आलेला मनुष्य त्याचे काय करतो यावर ते ठरते.

बोलणाऱ्याच्या बाजूचा हिशेब येथे पुरा झाला. ऐकणाऱ्याच्या बाजूचा व्हायचा आहे. आणि तो अधिक जड आहे, असे आम्हांला वाटू लागले, ते स्नेह्यांनी नंतर सांगितलेल्या एका हकीकतीमुळे.

वडील घरी परतण्याच्या दिवशी त्या परिचारिकेने मुलाला ती सांगितली. ती बाई केरळची. हिंदी कामापुरते आणि तेलुगू त्याहून थोडे बरे बोलणारी. वृद्ध गृहस्थांनी पाचव्या रात्री हिंदी, तेलुगू, इंग्रजी हे सारे टाकून दिले आणि ते केवळ मराठीत बोलू लागले. त्यांच्या बोलण्यात ‘पाणी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येई. तो तिला कळे. म्हणून ती पेला पुढे करी. ते पेला ढकलून देत, उठू पाहत, प्राणवायूची नळी ओढून काढीत. अखेर त्यांचे हात पट्ट्यांनी खाटेला बांधण्यात आले. मग तर त्यांचा आक्रोश वाढला. पहाटे फरशी पुसण्यास आलेला एक कामगार त्यांच्या खाटेपाशी थबकला. तो आदिलाबादकडचा, घरी मराठी बोलणारा. ते काय म्हणत आहेत हे त्याला ऐकताक्षणीच उमगले. ते म्हणत होते, “पाणी आलं, दावी सोडा. गुरं मरतील, दावी सोडा.”

ते आपल्या बालपणच्या पुरात उभे होते. गोठ्यात पाणी चढत होते आणि गुरे दाव्याला बांधलेली होती. आणि ते ज्यांना दावी सोडण्याविषयी विनवीत होते त्यांनी त्यांच्याच मनगटांना दावे बांधले होते.

त्या कामगाराने हातातील फडके खाली ठेवले आणि वाकून त्यांना सांगितले, “सोडली काका, समदी सोडली. माळावर नेऊन उभी केली. निजा आता.” त्यांनी त्याच्याकडे पाहिले, “गाभणी गाय?” असे विचारले, तीही सोडल्याचे ऐकले, आणि दोन दिवसांत प्रथमच ते झोपी गेले. सकाळी त्यांचे हात सोडण्यात आले.

आम्ही या परिचारिकेस दोष देऊ इच्छीत नाही. एकेका परिचारिकेच्या हाती किती खाटा होत्या, आणि ओढून काढलेल्या नळीची किंमत काय असते, हे बाहेरून बोलणाऱ्यांनी विसरू नये. परंतु ‘वात झाला आहे, त्याचे बोलणे ऐकू नका’ या आपल्या जुन्या निवाड्याचे काय होते, ते येथे स्पष्ट दिसते. त्यांचे बोलणे निरर्थक नव्हते. ते स्थळ आणि काळ चुकलेले होते. ज्याला ती भाषा येत होती त्याला दोन वाक्यांत त्याचा उलगडा झाला. परप्रांतात आयुष्य घालवणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे विशेषच ध्यानात घेतले पाहिजे. भ्रम ओळखण्यासाठी अतिदक्षता विभागात जी परीक्षा वापरतात तिच्यात रोग्याला काही सोपे प्रश्न विचारतात. दगड पाण्यावर तरंगतो काय, हा त्यांतलाच एक. रामनामाने शिळा तरल्याची कथा आईच्या मांडीवर ऐकलेल्या एखाद्या म्हाताऱ्याने ‘हो, तरंगतो’ असे उत्तर दिले, तर त्याला भ्रमिष्टांत मोजायचे काय? परीक्षा चांगली आहे. पण ती घेणाऱ्याला समोरच्या माणसाच्या घरची गोष्ट ठाऊक हवी.

सत्याचे कडवे उपासक येथे एक शंका काढतील. तो कामगार खोटे बोलला नाही काय? तेथे गुरे नव्हती, माळ नव्हता, कोणी काही सोडले नव्हते. अशा रोग्याशी वाद घालू नये, परंतु त्याला स्थळ, वार, वेळ शांतपणे सांगत राहावे, असा वैद्यांचाही सामान्य उपदेश आहे. आणि तो आम्हांला मान्य आहे. तथापि त्या पहाटे विचारलेला प्रश्न गुरांच्या संख्येविषयीचा नव्हता. संकटात हाक मारली असता कोणी धावून येते काय, असे तो वृद्ध विचारीत होता. त्याला ‘हो’ म्हणणे खोटे नव्हते, कारण एक माणूस खरोखरच धावून आला होता. याउलट, त्याच भ्रमाचा लाभ घेऊन ‘गुरे सोडण्याचा कागद आहे, येथे अंगठा करा’ असे कोणी म्हटले असते, तर शब्द जवळजवळ तेच, पण ती फसवणूक झाली असती. फरक वाक्यात नाही. ते कोणाच्या सोयीसाठी उच्चारले गेले त्यात आहे.

आता एका कठीण गोष्टीकडे वळतो. घरच्या कोणाला त्या खाटेपाशी बसू दिले असते तर हे बांधणे टळले असते काय? चौदा देशांतील ज्या अभ्यासाचा आम्ही वर उल्लेख केला, त्यात आप्तांची भेट, मग ती प्रत्यक्ष असो वा पडद्यावरची, ज्यांना मिळाली, त्यांत वाताचा संभव कमी आढळला. आणि बेंझोडायझेपीन वर्गातील शामक औषधे ज्यांना दिली गेली, त्यांत तो अधिक आढळला. भेटीमुळेच वात टळला, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. अधिक आजारी माणसाला भेटी कमी आणि औषधे जास्त, असेही घडले असेल. परंतु भेट ही चैनीची बाब नसून शुश्रूषेचा भाग आहे, असे समजण्यास त्यात पुरेसा आधार आहे. दुसऱ्या बाजूस, २०२० आणि २०२१ साली दारे बंद करणाऱ्यांपुढे जी अडचण होती तीही खोटी नव्हती. संरक्षक पोशाख अपुरे होते, रोग एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर आणि तेथून घराघरांत जात होता. एका मुलाला आत सोडणे म्हणजे दुसऱ्याच्या आईला धोका. अशा वेळी अनेकांच्या प्राणांसाठी एकाची सोबत नाकारावी लागते, हे आम्ही मान्य करतो. आमची तक्रार त्या नकाराविषयी नाही; तो नकार फुकटात मिळाला असे मानण्याविषयी आहे. प्राणवायूचा हिशेब लिटरांत ठेवला गेला. सोबतीचा हिशेब कोणत्याच वहीत नव्हता. म्हणून पट्टे नियमाने मिळाले, आणि भाषा जाणणारा माणूस मिळाला तो योगायोगाने. चष्मा आणि श्रवणयंत्र रोग्याजवळ ठेवणे, भिंतीवर घड्याळ आणि दिनदर्शिका लावणे, त्याची बोली जाणणारा कोणीतरी दिवसातून एकदा त्याच्याशी बोलेल अशी व्यवस्था करणे, यांस दारे उघडावी लागत नाहीत. पुढची साथ येईल तेव्हा एवढे तरी आधी ठरलेले असावे.

अंतकाळी जशी मती तशी गती, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. या वचनाने श्रद्धाळूंना जेवढा धीर दिला तेवढीच धास्तीही घातली आहे. कारण अंतकाळी मती जाग्यावर राहीलच याची हमी कोणी द्यावी? आयुष्यभर नामस्मरण केलेल्या माणसाला शेवटच्या रात्री वात झाला आणि त्याच्या तोंडून शिव्या निघाल्या, तर त्याची कमाई बुडाली काय? आम्ही ही शंका आमच्या शेजारी राहणाऱ्या एका वैष्णव विद्वानांपुढे काढली. त्यांनी त्यांच्या संप्रदायात अत्यंत आदरणीय मानलेल्या, वराहावताराच्या मुखी घातलेल्या एका वचनाचा आशय सांगितला. भगवान म्हणतात, की शरीर धड असताना आणि मन ठिकाणावर असताना ज्याने माझे स्मरण केले, तो मरणकाळी लाकडासारखा, दगडासारखा निश्चेष्ट पडला असता मीच त्याचे स्मरण करतो.

आमचा स्वतःचा पिंड फारसा धार्मिक नाही. परंतु या कल्पनेने आम्ही थक्क झालो. लॉकने माणसाची एकता त्याच्या स्वतःच्या स्मृतीवर उभी केली, आणि म्हणून ती स्मृती तुटताच माणूस दुभंगला. येथे स्मरणाचे काम एकाच्या हातून सुटले की दुसरा ते उचलतो. देवाला हे शोभते असे कोणी म्हणेल. पण शुश्रूषा करणाऱ्यास दुसरे काय करायचे असते? तो कोण आहे हे त्याला स्वतःला आठवत नाही, तोवर आपण ते लक्षात ठेवायचे. त्याच्या कडू बोलांची फिर्याद करायची नाही, गोड बोलांची वसुली करायची नाही, आणि तो परत आला म्हणजे त्याचे घर त्याला जसेच्या तसे दाखवायचे. वातातले बोल बोलणाऱ्याला बांधत नाहीत, ही कायद्याची बाजू झाली. ते ऐकणाऱ्याला बांधतात, ही नीतीची बाजू आहे.

आमच्या स्नेह्यांनी ते वाक्य वडिलांना कधी सांगितले नाही. मात्र घराचा विषय त्यांनी स्वतः होऊन काढला, शांतपणे, दिवसाउजेडी, चहाच्या वेळी. वडील म्हणाले, “मी आहे तोवर राहू द्या. पुढचं तुमचं तुम्ही बघा.” हे वाक्य शुद्धीवरचे होते, आणि तेच खाती मांडायचे, असे दोघांत न बोलता ठरले. सूनबाईंनी आपल्या वाट्याचे वाक्य एके दिवशी त्यांना हसत हसत सांगून टाकले. त्यावर त्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरले आणि काही उत्तर दिले नाही. नाकारलेही नाही.

पुराची ती रात्र मात्र त्यांच्या स्मरणात पक्की राहिली होती. आपण रुग्णालयात होतो हे त्यांना पटले होते, तेथे गुरे नव्हती हेही पटले होते. तरी दावी सोडणाऱ्या माणसाला एकदा भेटावे असे त्यांना वाटे. मुलाने चौकशी केली. तो कंत्राटावरचा कामगार होता, काम संपताच निघून गेला होता, आणि त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नव्हते. त्यानंतर दोन पावसाळे ते गृहस्थ होते. पाऊस जोराचा लागला म्हणजे ते खिडकीपाशी येऊन बसत आणि मुलाला विचारीत, “त्या माणसाचा काही पत्ता लागला का रे?”